बाणेर: घर सोडल्यावर ९०,००० च्या डिपॉझिटमधून ५४,०६० कापले. यातलं किती मान्य करावं?

बाणेर_दुसरा_मजला

२ बीएचके, कार्पेट ६४० चौ. फूट. ११-११ महिन्यांचे दोन लिव्ह अँड लायसन्स करार, दोन्ही ऑनलाइन नोंदवलेले. भाडं २८,०००, डिपॉझिट ९०,०००. दुसरा करार ३१ मे रोजी संपला. महिनाभर आधी लेखी कळवलं होतं आणि ३१ तारखेलाच चाव्या दिल्या. मालक मुंबईला असतात, ताबा घ्यायला त्यांचे मेहुणे आले होते. घर फिरून बघितलं, "ठीक आहे" म्हणाले. लिहून काहीच झालं नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मालकांनी यूपीआयने ३५,९४० पाठवले, शेऱ्यात "फुल अँड फायनल". सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर ही यादी:

रंगकाम (एक महिन्याचं भाडं) – २८,०००
डीप क्लीनिंग – ६,५००
नवीन गीझर – ७,२००
किचन ट्रॉली – ४,५००
सोसायटीचा मूव्ह-आउट चार्ज – ३,०००
लाइट बिल – ४,८६०

एकाही गोष्टीची पावती पाठवलेली नाही. आमच्या बाजूने जे खरं आहे ते असं: एका बेडरूमच्या एका भिंतीवर मुलीने क्रेयॉनने रेघोट्या मारल्या आहेत. हॉलमध्ये टीव्हीसाठी ड्रिलची चार भोकं आहेत, ती मालकांना विचारून पाडली होती. हॉलच्या बाहेरच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेत, ते पहिल्या पावसाळ्यातच फोटोसह कळवलं होतं. एका ट्रॉलीचं चॅनल वाकलंय. चिमणी आम्ही धुतली नव्हती. गीझरमधून गेल्या काही महिन्यांत पाणी कोमट येत होतं, तेही कळवलं होतं.

कापलेल्यातलं कायदेशीर किती, आणि उरलेलं मागायचं कसं?

दस्तनोंदणी

बाकी सगळं नंतर, आधी एक काम आजच उरका. पैसे आलेत त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ई-मेलवर लिहा: "३५,९४० रुपये मिळाले. ही रक्कम डिपॉझिटची आंशिक परतफेड म्हणून स्वीकारली आहे. उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून ठेवत आहे. कपातीच्या प्रत्येक बाबीची पावती व फोटो पाठवावेत." यूपीआयच्या शेऱ्यात "फुल अँड फायनल" लिहिल्याने हिशोब मिटत नाही. पण तुम्ही दोन-तीन महिने काही बोलला नाहीत, तर "त्यांनी मान्य केलं होतं" हा मुद्दा समोरच्याला आयता मिळतो.

आता करार काढा. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन नमुन्यात सहसा अशी अट असते की जागा आहे त्या स्थितीत ठेवायची आणि नुकसान झालं तर भाडेकरूने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. ही झीज वगळण्याची अट तुमचा मुख्य आधार आहे. रंगाबद्दल या छापील नमुन्यात काही नसतं. "एक महिन्याचं भाडं रंगकामाला" हे शेवटच्या "इतर अटी"मध्ये वेगळं टाइप केलेलं असेल तरच ते करारात आहे. पुण्यात हे बहुतेक वेळा एजंट तोंडी सांगतो आणि पुढे सगळे ते नियम असल्यासारखं वागतात.

अट लिहिलेली असेल, तर तिचे शब्द बघा. "सोडताना रंगकामापोटी अमुक रुपये" असं असेल तर ते ठरलेलं देणं आहे, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. "नुकसान झाल्यास" असं असेल तर भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ लागू होतं: करारात आकडा लिहिला असला तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि तो आकडा ही कमाल मर्यादा असते.

आणखी एक, जे सहसा सुटतं. तुमचे करार दोन आहेत. दुसऱ्या करारातली "आहे ती स्थिती" म्हणजे दुसरा करार सुरू झाला त्या दिवसाची. त्या दिवशी रंग अकरा महिने जुना होता आणि ओल आलेली होती. कळवल्याचे मेसेज दुसऱ्या कराराच्या आधीचे असतील तर ओलीचा विषय तिथेच संपतो. दुसऱ्या करारात डिपॉझिट ९०,००० आणि ते कसं दिलं याचा उल्लेख आहे ना, तेही बघा. नूतनीकरणात हा रकाना कधी कधी शून्य राहतो आणि मग पहिल्या कराराचा दस्त व बँक स्टेटमेंट जोडावं लागतं.

ज्यांचा करार नुसत्या नोटरीवर आहे त्यांच्यासाठी: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटीस लिहिताना हे कलम उपयोगी पडतं.

पुट्टी_प्रायमर

रंग आणि दुरुस्त्यांचं मी सांगतो.

६४० कार्पेटच्या घरात भिंती आणि छत मिळून रंगवायचं क्षेत्र साधारण कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट, म्हणजे १,९०० ते २,२०० चौ. फूट निघतं. २८,००० हा आकडा पूर्ण घराच्या कामाचा आहे. एका भिंतीवर रेघोट्या असताना पूर्ण घराचा रंग तुमच्याकडून घेता येत नाही.

क्रेयॉन मेणाचा असतो. त्यावर थेट इमल्शन मारलं तर रंग धरत नाही आणि काही दिवसांत रेघा वर येतात. भिंत घासून, मेण काढून, प्रायमरचा एक हात आणि मग रंगाचे दोन हात, असं काम आहे. ११ × ९.५ फुटांची भिंत धरली तर १०४ चौ. फूट. दोन हातांना लिटर-सव्वा लिटर इमल्शन पुरतं. एवढ्याशा कामाला रंगारी चौरस फुटाच्या दराने येत नाही, दिवसाची मजुरी घेतो. सामान धरून ३,५०० मान्य करा, त्यात तुमचा सच्चेपणा दिसेल आणि बाकीचं बोलणं सोपं होईल. मालक म्हणतील की एक भिंत रंगवली तर शेड वेगळी दिसते. बरोबर आहे, जुन्या रंगाला नवा जुळत नाही. पण तो जुना रंग उतरला काळाने, तुम्ही उतरवला नाही. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवली की फरक नजरेत येत नाही.

तरीही पूर्ण रंगाचाच हट्ट असेल तर वयाचा हिशोब मांडा. घरातलं इमल्शन साधारण पाच वर्षं धरतात, म्हणजे ६० महिने. २२ महिने वापरून झाले, ३८ उरले. २८,००० × ३८ ÷ ६० = १७,७३३. सगळ्या भिंती तुम्ही खराब केल्या असत्या तरी याहून जास्त मागणं अवाजवी ठरलं असतं. हे कायद्यात लिहिलेलं कोष्टक नाही, पण मध्यस्थासमोर असा हिशोब ठेवला की बोलणं "मला वाटतं"वरून आकड्यांवर येतं.

टीव्हीची भोकं परवानगीने पाडली, तो मेसेज जपून ठेवा. ओल तर मालक आणि सोसायटीचा विषय. बाहेरच्या भिंतीतून किंवा वरच्या बाथरूममधून पाणी मुरत असताना आतून कितीही रंग लावला तरी पुढच्या पावसाळ्यात पोपडे येणारच.

गीझर. तुमच्या भागात बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते जड असतं, कॉइलवर क्षाराचा जाड थर बसतो आणि पाणी कोमट येतं. हे वापराचं दुखणं आहे, नुकसान नव्हे. बऱ्याचदा कॉइल, थर्मोस्टॅट आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड बदलला की गीझर पूर्वीसारखा चालतो. टाकीच गंजून गळत असेल तर ते वयाचं लक्षण. मालकांकडून तीन गोष्टी मागा: दुरुस्तीवाल्याचं जॉबशीट (त्यात बिघाड काय लिहिलाय), जुन्या गीझरच्या स्टिकरचा फोटो (त्यावर उत्पादनाचा महिना असतो) आणि नवीन गीझरचं बिल. आठ वर्षांच्या गीझरच्या जागी नवा कोरा घेऊन पूर्ण किंमत भाडेकरूवर टाकणं हे तर मालकांच्या घरात तुमच्या पैशाने भर घालणं झालं. टाकी रिकामी असताना गीझर चालू केला आणि कॉइल जळली, असं काही घडलं असेल तर गोष्ट वेगळी.

ट्रॉलीचं वाकलेलं चॅनल तुमच्याकडे. एका ट्रॉलीची चॅनलची जोडी आणि बसवणावळ मिळून ९०० धरा. ४,५०० मध्ये बहुधा पूर्ण बास्केट बदललेली दिसते. एक तपासा: सिंकखालचं प्लाय फुगलंय का? वेस्ट पाइपची गळती भाडेकरूने कळवलीच नाही आणि प्लाय कुजलं, तर तो खर्च भाडेकरूवर येतो आणि तो मोठा असतो. मालकांच्या यादीत ते नाही, म्हणजे तुमचं ठीक असावं.

चिमणी धुतली नाही हे तुमच्याकडे. फिल्टर, ओट्यामागच्या टाइल्स यांचे १,५०० द्या. नळांवरचे आणि बाथरूमच्या टाइलवरचे पांढरे डाग मात्र क्षाराचे. साफसफाईवाल्याने ते ॲसिडने घासले आणि नळांचं क्रोम उडालं असेल, तर तेही तुमच्या नावावर येऊ देऊ नका. ३१ तारखेचे नळांचे फोटो असतील तर बाजूला काढून ठेवा.

पावतीबद्दल एक सूचना. छोट्या रंगाऱ्याकडे जीएसटी नंबर नसतो, त्यामुळे साधी पावती म्हणजे खोटी पावती असं धरून चालू नका. तारीख, कामाचं वर्णन, क्षेत्रफळ आणि पैसे कसे दिले, हे त्यात आहे का ते बघा.

मीटर_रीडिंग

लाइट बिल नीट बघा, त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या असण्याची शक्यता आहे. महावितरण दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला आधीच्या वर्षाच्या वापरावरून अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असावी लागते, कमी पडली की फरक मागतात. ही ठेव ग्राहक क्रमांकावर म्हणजे मालकांच्या नावावर जमा राहते आणि तिच्यावरचं व्याजही त्यांच्याच बिलात वळतं होतं. ती भाडेकरूकडून कापणं सरळ चूक आहे. मे-जूनमध्ये घर सोडणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं.

उरलेलं बिल युनिटवर वाटा. ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये बिल दिसतं. मागचं रीडिंग, ३१ मेचं तुमच्या फोटोतलं रीडिंग आणि चालू रीडिंग, या तीन आकड्यांवर काम होतं. तुमच्यानंतर रंगारी, साफसफाई यांत वापर होतो आणि घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो (१०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे). म्हणून एकूण बिलाचं युनिटच्या प्रमाणात वाटप करणं दोघांनाही न्याय्य. बिलावर रीडिंगच्या जागी "लॉक" किंवा "फॉल्टी" असा शेरा असेल तर ते सरासरीचं बिल आहे, त्यावरून अंतिम हिशोब करू नका. पाइप गॅस असेल तर त्याचंही असंच शेवटचं रीडिंग लागतं. त्याचं बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून लोक विसरतात.

सोसायटीचा चार्ज: तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट? पुण्यात दोन्ही प्रकार भरपूर आहेत. सहकारी संस्था असेल तर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे भोगवटेतर शुल्क (सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो, त्याबद्दल संस्था घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही (त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत), आणि ते सभासदाने म्हणजे मालकाने भरायचं असतं. अपार्टमेंट १९७० च्या वेगळ्या कायद्याखाली येतं, तिथे हा आदेश थेट लागत नाही, त्यांची घोषणापत्रं आणि नियम बघावे लागतात. दोन्हीकडे मागणी एकच करा: ठरावाची प्रत आणि ३,००० ची संस्थेची पावती. करारात हा खर्च तुमच्यावर लिहिलेला नसेल आणि पावतीही नसेल, तर शून्य.

बाणेर_दुसरा_मजला

सगळ्यांचे आभार. बघितलं. करारात रंगाची अट नाही, झीज सोडून नुकसानीची अट शब्दशः तीच आहे. डिपॉझिट ९०,००० दुसऱ्या करारात लिहिलेलं आहे. मीटर_रीडिंग यांचा अंदाज खरा निघाला: ४,८६० मध्ये २,९४० अतिरिक्त सुरक्षा ठेव आहे, बिल फक्त १,९२०. मागचं रीडिंग ८४१२, ३१ मेच्या फोटोत ८५४१, बिलावर ८५९७. इमारत सहकारी संस्था आहे, करारात मूव्ह-आउटचा उल्लेख नाही. "आंशिक स्वीकार" ई-मेलवर पाठवून दिलं. उत्तर आलं की "सगळेच कापतात".

शिवाजीनगर_कोर्टाजवळ

मग हिशोब असा होतो. वीज: एकूण १८५ युनिट, तुमचे १२९, म्हणून १,९२० × १२९ ÷ १८५ = १,३३९. भिंत ३,५००, चॅनल ९००, स्वच्छता १,५००. एकूण मान्य कपात ७,२३९. ९०,००० मधून ती आणि मिळालेले ३५,९४० वजा केले की येणं ४६,८२१. हा आकडा नोटिशीत जाऊ द्या. पूर्ण ५४,०६० मागण्याचा मोह टाळा, कारण मान्य असलेलं सोडून मागणारा माणूस मध्यस्थाला लगेच पटतो.

नोटीस तुम्ही स्वतः लिहिली तरी चालते, वकिलाच्या लेटरहेडवर गेली तर लवकर हलते. मजकुरात हवं: दोन्ही करारांचे दस्त क्रमांक व तारखा, डिपॉझिट कधी व कसं दिलं, ताबा दिल्याची तारीख, कपातीच्या सहाही बाबी आणि प्रत्येकीवर एक-दोन ओळींत उत्तर, येणं ४६,८२१, भरण्यासाठी १५ दिवसांची मुदत, आणि मुदतीनंतर अमुक दराने व्याज मागू, असं स्पष्ट वाक्य. व्याजाचं वाक्य विसरू नका. करारात डिपॉझिट बिनव्याजी म्हटलेलं असतं ते मुदतीपुरतं. लेखी मागणीनंतरच्या काळाचं व्याज व्याज अधिनियम, १९७८ खाली मागता येतं, पण तुम्ही ते लेखी मागितलेलं असावं लागतं. करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा, स्कॅन ई-मेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. पाकीट "घेण्यास नकार" शेऱ्याने परत आलं तर न उघडता तसंच ठेवा.

पोलिसांत जाऊन उपयोग होत नाही, हा दिवाणी वाद आहे. ग्राहक आयोगातही नुसत्या भाड्याच्या घराचं प्रकरण सहसा टिकत नाही, कारण भाड्याने जागा देणं म्हणजे सेवा धरली जात नाही.

१५ दिवसांत उत्तर नाही आलं तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात. दावापूर्व अर्ज साध्या कागदावर करता येतो, कोर्ट फी लागत नाही. ते समोरच्याला बोलावतात. मालक मुंबईचे असले तरी जागा पुण्यात आणि करार पुण्यात झालेला, त्यामुळे इथेच करा. यायची सक्ती मात्र नसते, समोरचा आलाच नाही तर प्रकरण तिथे बंद होतं. आला आणि तडजोड झाली तर लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. ४०-५० हजारांच्या वादासाठी याहून स्वस्त रस्ता माझ्या माहितीत नाही. खूप प्रकरणं प्राधिकरणाचं पत्र पोचल्यावरच फोनवर मिटतात.

तिथेही नाही जमलं तर दिवाणी दावा. लेखी करारावर आधारित ठरावीक रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येईल का, ते वकिलाला विचारा. त्यात प्रतिवादीला समन्सनंतर १० दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचावासाठी परवानगी मागावी लागते. दावा लावायची मुदत ३ वर्षांची. व्हॉट्सअ‍ॅपचे प्रिंट पुराव्यात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून तो फोन विकू नका, रीसेट करू नका, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.

विमाननगर_२

माझा करार पुढच्या महिन्यात संपतोय आणि मालक आत्ताच म्हणतायत की नवीन भाडेकरू आल्यावर डिपॉझिट देईन. डिपॉझिट मिळेपर्यंत चावी दिली नाही तर चालेल का?

दस्तनोंदणी

असं करू नका. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि ताबा देईपर्यंत लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू होते. नोंदणीकृत करार त्या कामात निर्णायक पुरावा धरला जातो. डिपॉझिट अडकलंय ही तुमची तक्रार तिथे ऐकली जात नाही, त्यासाठी वेगळा दावा करावा लागतो. म्हणजे २५-३० हजार भाड्याच्या घरात दोन महिने चावी अडवली की डिपॉझिट त्यातच गेलं.

"नवीन भाडेकरू आल्यावर" ही अट करारात आहे का ते बघा. नसेल तर आजच लिहून कळवा की करारातल्या अटीप्रमाणे ताबा देतानाच डिपॉझिट हवं. मुदत संपायच्या आठवडाभर आधी दोघांनी मिळून घर बघायचं ठरवा, म्हणजे रंगारी किंवा प्लंबर बोलवायचा असेल तर तुम्हीच तुमच्या दराने काम करून घेऊ शकता. शेवटच्या दिवशी दिवसाउजेडी व्हिडिओ काढा: प्रत्येक भिंत, सिंकखाली, नळ, गीझर चालू करून, एसी चालू करून आणि शेवटी मीटरचं रीडिंग. एका कागदावर ताबा पावती करा. त्यात तारीख, चाव्यांची संख्या, वीज व गॅसचं रीडिंग, दिसलेलं नुकसान आणि त्याची ठरलेली रक्कम, परत करायची रक्कम व तारीख लिहा, आणि दोघांच्या सह्या घ्या. मालकांच्या वतीने नातेवाईक येणार असेल तर त्याला ताबा घेण्याचा अधिकार दिलाय, असा मालकांचा मेसेज आधी मागवून घ्या. सही करायला नकार दिला तर त्याच जागेवरून, त्याच वेळी, पावतीचा मजकूर आणि व्हिडिओ मालकांना पाठवा आणि "आज इतक्या वाजता इतक्या चाव्या अमुक यांच्याकडे दिल्या" एवढं लिहून चावी देऊन टाका.